घाटाचं बोलावणं: परतवाडा ते चिखलदरा सायकल राइड ठरवताना

‘चाल ना भाऊ, काई नाई होत.’ एवढ्यावर वऱ्हाडात वरात निघते, पण घाटाची राइड निघू नये. सपाटीवर दमलेला माणूस कडुनिंबाखाली बसतो, एखादा ऑटो थांबवतो आणि घरी जातो. घाटात दोन्ही बाजूंना जंगल असतं आणि मोबाइलची रेंज वळणागणिक जाते. परत फिरायचं तर थकलेल्या हातांनी ब्रेक दाबत उतरावं लागतं. म्हणून बोलावणाऱ्याचं काम राइडच्या दिवशी नाही, निमंत्रण लिहितानाच सुरू होतं. जे निमंत्रणात लिहिलेलं नसतं, ते सहसा दहाव्या-बाराव्या किलोमीटरला समोर उभं राहतं.

हा लेख पहिल्यांदाच घाटाची राइड ठरवणाऱ्यांसाठी आणि पहिल्यांदाच तिला जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण परतवाडा ते चिखलदरा या रस्त्याचं घेतलंय, कारण विदर्भात सलग आणि लांब चढ म्हटलं की सातपुड्याच्या या टोकाला, गाविलगडाच्या डोंगराकडेच यावं लागतं.

आधी रस्ता समजून घ्या

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि परतवाडा-अचलपूर पावणेचारशेच्या आसपास. म्हणजे साधारण ३० किलोमीटरमध्ये सातशेहून अधिक मीटर वर जायचं. धामणगाव गढीच्या बाजूने गेलं तर सुरुवातीचे दहाएक किलोमीटर शेताशिवारातले, जवळपास सपाट. खरा चढ उरलेल्या वीस किलोमीटरमध्ये आहे. त्याची सरासरी काढली तर साडेतीन टक्के भरते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की साडेतीन मीटर वर. आकडा ऐकायला सोपा वाटतो आणि नवखे इथेच फसतात. सरासरीत सपाट तुकडेही धरलेले असतात. वळणांवर चढ दुपटीने तीव्र होतो, आणि घाटातली बहुतेक माणसं वळणावरच उतरतात. मोथा गाव आलं की चढाचं मोठं ओझं संपलं असं समजा, पण शेवटच्या पट्ट्यासाठी पायांत थोडं राखून ठेवा.

दुसरा रस्ता बिहालीवरून घटांगला आणि तिथून सलोन्याकडे वळून येतो. तो लांबचा आणि जास्त जंगलाचा. पहिल्या राइडसाठी तो घेऊ नका. एका रस्त्याने चढून दुसऱ्याने उतरायचा मोहही पहिल्या वेळी टाळा: जो रस्ता चढताना डोळ्यांखालून गेलाय, त्याचेच खड्डे उतरताना लक्षात राहतात.

दिवस कोणता निवडायचा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. याच्या अलीकडे-पलीकडे अडचणी आहेत. जुलै ते सप्टेंबर घाट हिरवागार दिसतो, पण धुकं इतकं उतरतं की वीस मीटरवरची एसटी दिसत नाही. रस्त्यावर शेवाळ आणि वाहून आलेली माती असते, आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. मार्चनंतर पायथ्याचं ऊन चढू देत नाही. त्यात मोहफुलं गळायला लागली की पहाटे ती वेचायला माणसं येतात आणि खायला अस्वलंही येतात. वाघाची भीती सगळ्यांना वाटते, पण मेळघाटात पायी किंवा सायकलवर असलेल्या माणसाने खरं भ्यावं ते अस्वलाला.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो. परतवाड्यातून सहाला निघा आणि सपाट पट्टा दिवे लावून पार करा. उजाडल्यावरच जंगलाच्या भागात शिरा, त्याआधी नको. या सपाट पट्ट्यात धोका जनावरांचा नसून कापसाच्या ट्रॉलींचा आणि बैलगाड्यांचा असतो. हंगामात त्या अंधारातच निघतात, मागे लाल दिवा नसतो आणि कापूस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. तुमचा पुढचा दिवा रस्ता दिसेल इतका प्रखर हवा, फक्त लुकलुकणारा चालणार नाही.

रविवार टाळता आला तर टाळा. नाहीच जमलं तर दहाच्या आत वर पोचायचं गणित मांडा, कारण त्यानंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात.

निमंत्रण कसं लिहायचं

निमंत्रण वाचून चार माणसांनी ‘हे आपल्याला झेपायचं नाही, पुढच्या वेळी बघू’ असं म्हटलं पाहिजे. तसं कोणीच म्हणालं नाही, तर तुम्ही काहीतरी लपवलंय. साधारण असा मजकूर पुरतो:

‘मंडळी, येत्या शनिवारी परतवाडा ते चिखलदरा सायकलने चढायचं ठरवलंय. जायचं अंतर ३० किलोमीटर, त्यातले २० चढाचे, एकूण चढ सातशे मीटरहून थोडा जास्त. चढायला तीन ते चार तास लागतील. बसस्टँडजवळ पहाटे साडेपाचला जमायचं, सहाला निघायचं. उशिरा येणाऱ्यासाठी थांबणार नाही. ज्यांनी गेल्या महिन्याभरात एकदा तरी ४० किलोमीटर न थांबता चालवली आहे त्यांनीच यावं. गिअरची सायकल हवी. हेल्मेट नसेल तर राइडमध्ये घेणार नाही. सोबत आणायचं: दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब, पंप, पुढचा-मागचा दिवा, वाऱ्याचं जॅकेट, थोडे सुटे पैसे, ओळखपत्र. राइडबरोबर एक मालवाहू गाडी असेल, तिचं भाडं सगळ्यांत वाटून घेऊ. साडेदहापर्यंत जो वर पोचला नसेल त्याला गाडीत बसावं लागेल, त्यात कमीपणा नाही. उतरायचं सायकलनेच, पण ब्रेक तपासून. ज्याचे ब्रेक पास होणार नाहीत त्याची सायकल गाडीतून खाली येईल. पंधरा जणांनंतर नावं घेणं बंद. बुधवारपर्यंत कळवा: नाव, वय, सायकलचा प्रकार, रक्तगट, घरच्या एकाचा नंबर, आणि दमा, रक्तदाब, साखर, हृदयाचं काही असेल तर तेही.’

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या घाटाला लागू पडेल तसं ते बदलता येईल. ‘किती तास’ लिहिलं नाही तर लोक दुपारचं कार्य ठरवून येतात आणि उतरताना घाई करतात. गाडीत बसायची वेळ आधी सांगितलेली नसेल तर घाटात वाद होतो. दमलेला माणूस कधीच गाडीत बसायला तयार नसतो, पण आधीच ठरलेलं असलं की मुकाट्याने बसतो. पंधराची मर्यादा एका गाडीमुळे आहे. छोटा हत्ती म्हणतात त्या गाडीत सायकली उभ्या, मध्ये पोती किंवा जुनी चादर घालून, आठ-दहाच नीट बसतात.

उत्तरं आली की प्रत्येकाला फोन करा. ‘चढ चढलाय का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘शेवटची लांब राइड कुठून कुठे केली, किती वेळ लागला?’ असं विचारा. ज्याला वेळ सांगता येत नाही त्याने मोजलेलंच नाही.

परवानगीचं म्हणाल, तर हा सार्वजनिक रस्ता आहे. तरी गटाने जाताना जवळच्या पोलीस ठाण्यात आणि वनविभागाच्या नाक्यावर नावांची यादी व परतीची वेळ देऊन ठेवा. तिथेच वाहतुकीचे त्या दिवसाचे निर्बंधही कळतात. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२ आणि वनविभागाची मदतवाहिनी १९२६ हे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. फोन बंद पडला तरी कागद कामाला येतो. उपजिल्हा रुग्णालय अचलपूरला आहे आणि ग्रामीण रुग्णालय चिखलदऱ्याला, म्हणजे निम्म्याच्या वर काही झालं तर वर न्यायचं, खाली झालं तर खाली.

सपाटीवर चढाची तयारी

विदर्भाच्या बहुतेक गावांत चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. तोही पुरतो, फक्त पद्धत लागते. जड गिअर न घेता हलका घ्या, बसूनच चढा आणि दहा वेळा वर-खाली करा. नाहीतर उघड्या रस्त्यावर समोरचा वारा धरून अर्धा तास एकसारखं चालवा, सलग चढासारखाच जोर लागतो. शक्य असेल तर आधी एखादा लहान घाट करून बघा: बुलढाण्याकडच्यांना राजूर घाट, अकोला-वाशीमकडच्यांना पातूरचा घाट, नागपूरकडच्यांना रामटेकच्या गडमंदिराची चढण. चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, एवढं पुरे. शेवटचे दोन दिवस आराम.

सायकलीचं गणित

गिअर हलके आहेत की नाहीत हे दात मोजून कळतं. पुढच्या लहान चकतीचे दात भागिले मागच्या सर्वात मोठ्या चकतीचे दात. उत्तर एक किंवा त्याहून कमी आलं तर सायकल घाटाला तयार आहे. पुढे ३४, मागे ३४ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले की ताशी ९ किलोमीटरचा वेग मिळतो, आणि नवख्याला घाटात तेवढा भरपूर आहे. तेच मागे २८ दाती असेल तर ताशी ८ च्या वेगाला पाय मिनिटाला बावन्न-त्रेपन्न फेऱ्यांवर येतात, म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यावर. साध्या काळ्या सायकलला पुढे ४४, मागे १८ असतात, तिथे हा आकडा २५ फेऱ्यांवर येतो. दणकट माणूस तीही ओढत नेतो, पण गटाच्या राइडला ती आणू देऊ नका. तिचे दांड्याचे ब्रेक उताराला पुरत नाहीत, आणि खरं कारण ते आहे.

मागची चकती बदलायची असेल तर राइडच्या दोन आठवडे आधी बदला. नवी चकती आणि जुनी झिजलेली चेन जुळत नाहीत, जोर लावला की चेन दातांवरून उडते. चेनची झीज पट्टीने मोजता येते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की १२ इंचांवर बरोबर दुसरी पिन यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला.

सर्वात हलका गिअर एरवी सपाटीवर कधी लागतच नाही, त्यामुळे तो बिघडलेला असला तरी कळत नाही. सायकल उलटी करून तो टाकून बघा. मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) एल लिहिलेला स्क्रू सैल असेल तर चेन मोठ्या चकतीच्याही पलीकडे जाऊन तारांत अडकते, डिरेलर मोडतं आणि राइड तिथेच संपते. स्क्रू पाव-पाव फेरा घट्ट करत जा, चेन मोठ्या चकतीवर चढेल पण पलीकडे जाणार नाही इथे थांबा.

हवा: २८ मिलिमीटरच्या टायरला ८० ते ९० पीएसआय, ३५ च्या हायब्रिडला ५५ ते ६५, रुंद एमटीबी (माउंटन बाइक) टायरला ३५ ते ४५. माणूस जड असेल तर वरचा आकडा घ्या. पंक्चर या भागात बहुतेक बाभळीच्या काट्याने आणि सराट्याने होतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं आणि ते नवी ट्यूबही पाच मिनिटांत फोडतं. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरून मिळते. बारीक, लांब व्हॉल्व्ह असेल तर तो पितळी अ‍ॅडाप्टर सोबत ठेवा, गावात मिळणार नाही.

खाणं-पिणं

पहाटे तर्री-पोहे खाऊन चढायला लागलात तर तर्रीच आधी वर येते. निघण्याआधी तासभर पोळी-साखर किंवा साधे पोहे, दोन केळी, चहा अर्धा कप. चढताना दर पाऊण तासाला थोडं खा: अर्धं केळ, गुळाचा खडा, चिक्कीचा तुकडा. शेंगदाणे मूठभर एकदम खाऊ नका, ते चढावर जड पडतात. थंडीत तहान लागत नाही पण घाम जातच असतो, म्हणून तहानेची वाट न पाहता तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोट-घोट प्या. दुसऱ्या बाटलीत ओआरएस असू द्या. पाकीट एक लिटरचं असेल तर ते पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं टाकू नका, पाणी दाट होतं आणि मळमळतं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. गाडीत वीस लिटरचे दोन जार ठेवा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका.

केळी पिशवीत लटकवून चालवू नका. वरच्या भागात वानरं ओळखीच्या माणसाच्या हक्काने पिशवी ओढतात.

चढताना

गटाचे चार-चारचे तुकडे करा, तुकड्यांत शंभर-दीडशे मीटर अंतर ठेवा. पंधरा जण एका रांगेत असले की एसटीला ओलांडता येत नाही, मग ती वळणावरच ओलांडते. सर्वात पुढे असा माणूस ठेवा ज्याला हळू चालवता येतं. हे काम सर्वात जोरकस गड्याला देऊ नका, तो गट फाडतो. सर्वात मागे पिछाडीचा माणूस, त्याच्याकडे पंप, चेन जोडायचं हत्यार, प्रथमोपचार आणि शिट्टी. पिछाडीच्या मागे कोणीही राहायचं नाही, लघवीला थांबलेलासुद्धा.

गाडीवाल्याला नीट समजावून सांगा, कारण तो हमखास शेवटच्या माणसाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत चालतो. त्याने चार-पाच किलोमीटर पुढे जायचं, रस्ता रुंद असेल तिथे वळणापासून दूर थांबायचं, शेवटचा माणूस गेला की पुन्हा पुढे. तेच पाण्याचे आणि माणसं मोजायचे थांबे.

चढावर पहिला अर्धा तास ‘फारच हळू चाललोय’ असं वाटायला हवं. कसोटी सोपी आहे: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एक-एक शब्द निघत असेल तर गिअर हलका करा. गिअर वळणाच्या आधी बदला, वळणात नव्हे. पूर्ण जोर असताना बदलला की चेन कडकडते, उडते, कधी तुटते. बदलताना अर्धा फेरा पायाचा जोर सैल सोडा. बसूनच चढा. पाठ आखडली तर उभं राहा, पण त्याआधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामा फिरतो आणि तोल जातो. डावीकडच्या वळणाची आतली कड सर्वात उभी असते. रस्ता दोन्हीकडून मोकळा दिसत असेल तरच हातभर बाहेरून घ्या. नागमोडी चालवून चढ कमी करायची युक्ती आंधळ्या वळणांच्या या घाटात करू नका, त्यापेक्षा उतरून ढकला. ढकलताना सायकल रस्त्याच्या बाजूला ठेवू नका, तुम्ही आणि सायकल दोघंही डाव्या कडेला.

डोकं गरगरलं, घाम थंड पडला, छातीत दाब आला किंवा डावा हात दुखायला लागला तर चर्चा नाही: त्याला बसवा, गाडी बोलवा. पोटऱ्यांत गोळे आले तर ताण द्या, मिठाचं पाणी द्या, दहा मिनिटं थांबा. दुसऱ्यांदा आले तर त्याचं चढणं संपलं.

अस्वल किंवा रानगवा रस्त्यावर दिसला तर थांबा, सगळे एकत्र या, सायकल मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरका. शिट्टी वाजवू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याखाली थांबा घेऊ नका आणि विडी-सिगारेट तर जंगलात कुठेच नको.

वर पोचल्यावर

तापमान खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असतं आणि अंगातले कपडे घामाने ओले. पहिलं काम फोटो नव्हे, कोरडा शर्ट. मग जेवण. चिखलदऱ्याची रबडी प्रसिद्ध आहे आणि ती खावीच, पण वाटीभर. उतारावर झोप येणं परवडत नाही.

ब्रेकची तपासणी इथे, सगळ्यांसमोर करा. ब्रेकचं हँडल पूर्ण दाबलं तर मुठीला टेकता कामा नये, बोटभर जागा राहिली पाहिजे. कमी राहत असेल तर केबलच्या टोकाचा गोल स्क्रू एकेक फेरा बाहेर काढा. रबरी गुटक्यांवरच्या खाचा दिसायला हव्यात. गुटका रिमवरच बसला पाहिजे, टायरला घासत असेल तर तो उतारात टायर कापतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ओढा, चाक घसरत आलं पाहिजे, फिरत नव्हे. यात नापास झालेली सायकल गाडीत.

उतार

अपघात बहुतेक इथे होतात, कारण कष्ट संपल्यासारखे वाटतात. दोघांत किमान पन्नास मीटर अंतर, ओलांडणं बंद, वेग ताशी तीसच्या आत. ज्याला मीटर नाही त्याने समोरच्याचा वेग धरून राहायचं, त्याच्या पुढे जायचं नाही.

ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. रिम किंवा डिस्क तापत जाते. रिम फार तापली तर आतली हवा फुगून ट्यूब फुटते, आणि डिस्कचे पॅड चकचकीत होऊन पकड सोडतात. दाबा, वेग पाडा, सोडा, थंड होऊ द्या. सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक वापरून वेग कमी करा आणि वळणात ब्रेक सोडून सायकल वळवा. वळणात पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरतं. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली, वजन त्यावर. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. हिवाळ्याच्या शेवटी सागाची मोठी पानं कडेला साचतात आणि त्यांच्याखाली बारीक खडी असते, म्हणून अगदी कडेने न उतरता कडेपासून हातभर आत राहा. मात्र मधल्या रेषेच्या पलीकडे कधीच नाही. वर येणारी एसटी वळण घेताना तुमची बाजू वापरते. तिचा हॉर्न ऐकला की आधीच थांबा.

दर चार किलोमीटरला सगळ्यांनी उतरून बोटं मोकळी करा, रिमजवळ हात नेऊन उष्णता बघा. जॅकेट विसरलेल्याने चहाच्या टपरीवरून जुना पेपर मागून शर्टाखाली छातीवर घालावा, वारा अडतो.

धामणगाव गढीला आलात की माणसं मोजा. परतवाड्याला पुन्हा मोजा, आणि यादी दिली होती त्या नाक्यावर व ठाण्यात ‘सगळे उतरले’ म्हणून कळवा. घरी पोचल्याचा निरोप शेवटच्या माणसाकडून येईपर्यंत बोलावणाऱ्याने फोन चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नये.